एसटीचं तिकीट 'प्रशासकीय खर्च' कसं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतली फाउंडेशनवाल्या अधिकारी बाईंची मुलाखत वाचली. सोमवारी दिवसभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून लिहिते आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी, लिंगभाव न्यायासाठी निधी पडून आहे, पण मराठवाड्यात तो पेलणाऱ्या सक्षम संस्थाच सापडत नाहीत, असं त्या म्हणतात. आपल्या प्रतिनिधीने त्यावर एकही उलटा प्रश्न विचारला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

2019 मध्ये आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गाजली. सरकारी समितीच्या पाहणीत गर्भपिशवी काढलेल्या 13 हजारांहून जास्त बायका निघाल्या. तेव्हा मुंबई-दिल्लीहून गाड्या भरून लोक आले. त्यांना तांडे आणि वस्त्या कोणी दाखवल्या? बायकांना बोलतं कोणी केलं? तेव्हा आम्ही सक्षम होतो.

पूर्वी पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्था परदेशी निधी घ्यायच्या आणि त्यातला काही वाटा आमच्यासारख्या लहान संस्थांना द्यायच्या. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली आणि ती वाट बंद झाली. तेव्हापासून देशी फाउंडेशन आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, एवढीच दारं उरली. त्यासाठी 12 ए, 80 जी, सीएसआर-1 अशा सरकारी नोंदण्या, सरकारच्या दर्पण पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचं ऑडिट असं सगळं लागतं. ते सगळं आमच्याकडे आहे. सीएंची फी आम्ही हप्त्याहप्त्याने फेडली. माझी तक्रार कागदांबद्दल नाहीच. ती बजेटमधल्या एका रकान्याबद्दल आहे.

आमचं महिला सल्ला केंद्र आहे. मागे एका फाउंडेशनने (मुलाखतीतलं नव्हे, दुसऱ्या) आम्हाला एक वर्षाचं अनुदान दिलं होतं. त्या वर्षी एक ऊसतोड बाई आमच्याकडे आली. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मारहाणीला कंटाळून तिने त्या हंगामात नवऱ्याबरोबर उसाच्या फडात जायला नकार दिला होता. कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी जोडप्याने आगाऊ घेतलेले पैसे, मात्र दोघांच्या कामावर घेतलेली. त्यामुळे नवऱ्याच्या आधी उचल देणारा टोळीचा मुकादमच आमच्या केंद्रावर येऊन बसला, आता पैसे कोण फेडणार म्हणून.

कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली तिचा अर्ज दाखल केला. कायद्यात लिहिलं आहे की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि त्यानंतर 60 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. इथे समन्सच दोनदा परत आलं, कारण नवरा टोळीबरोबर कर्नाटकात. दिवाळीनंतर गेलेली टोळी गुढीपाडव्याच्या आसपास परतते, तोवर समन्स घेणारा माणूस गावात नसतो. आणि फाउंडेशनचं वर्ष संपतं 31 मार्चला. म्हणजे नवरा गावात येण्याच्या सुमारास आमचं अनुदान संपलं.

त्या वर्षात तिच्या सहा तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला आमची कार्यकर्ती साडेसातच्या एसटीने तिच्याबरोबर गेली. त्या बाईच्या हातात कापडाच्या दुकानाची एक कॅरीबॅग असायची. त्यात लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दवाखान्याची घडी घालून घालून फाटायला आलेली चिठ्ठी. पाणी प्यायला उठली तरी ती पिशवी आमच्या कार्यकर्तीच्या मांडीवर ठेवून जायची, बाकावर कधी ठेवली नाही. सहापैकी चार तारखांना न्यायाधीश साहेबांपुढे दोन मिनिटंसुद्धा उभं राहायला मिळालं नाही. संध्याकाळी पाचला पुढची तारीख घेऊन परत. पण एकटी असते तर दुसऱ्या तारखेलाच आले नसते, हे ती स्वतः सांगते. आमचं काम म्हणजे हे बसणं आहे, दुसरं काही नाही.

फाउंडेशनच्या बजेटमध्ये मात्र त्या दिवसाचं तिकीट आणि कार्यकर्तीचं मानधन 'प्रशासकीय खर्चा'त धरलं होतं आणि त्याला दहा टक्क्यांची मर्यादा. मंगल कार्यालयाचं भाडं, मंडप, फ्लेक्स, जेवण हा 'कार्यक्रम खर्च', त्याला मर्यादा नाही. मी समन्वयकांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही ते कार्यशाळा म्हणून दाखवा ना." मी नाही दाखवलं. कोर्टाच्या बाकावर दिवस काढणं ही कार्यशाळा नाही आणि खोटी बिलं लावून मला बाईला न्याय मिळवून द्यायचा नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या कामाला तेवढा नियमित आधार अजून कुठल्याच फाउंडेशनने दिलेला नाही.

वर्षअखेरच्या अहवालात 'निकाली प्रकरणे' असा रकाना होता. त्यात आमच्याकडे तीन होती, म्हणून पुढच्या वर्षीचं अनुदान नाकारलं. उशिराचं कारण लिहायला 300 अक्षरांची चौकट, तीही इंग्रजीत. ऊसतोडीचा हंगाम, उचल, मुकादम हे 300 अक्षरांत मला मराठीतही सांगता येणार नाही. इंग्रजी अर्ज लिहून देणाऱ्या एका सल्लागाराने 40 हजार मागितले होते. तेवढ्या पैशात आमच्या एका कार्यकर्तीचं पाच महिन्यांचं मानधन होतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

त्या रकान्यातली सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच आहे. समजूत घालून नवऱ्याकडे परत पाठवलेली बाई त्यात 'निकाली' धरली जाते. दोन बैठका घ्या, तडजोडीच्या कागदावर अंगठा घ्या, प्रकरण बंद. असं करणारी संस्था कागदावर आमच्यापेक्षा सक्षम दिसते. मुलाखतीतल्या बाईंना मी कळकळीने विचारते, तुमच्या फॉर्ममध्ये हा रकाना कसा आहे? अर्ज मराठीत घ्या, अनुदान किमान तीन वर्षांचं द्या आणि बाईबरोबर जाणाऱ्या बाईचा पगार हा कार्यक्रमच धरा. मग सक्षम संस्था किती आहेत ते मोजू.

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दलही बोलणं भाग आहे. गेल्या 8 मार्चच्या पुरवणीसाठी आपल्या वार्ताहराने आमच्या केंद्रातल्या एका बाईची गोष्ट नेली. फोटोतला चेहरा धूसर केला, पण मजकुरात गावाचं नाव, तीन मुली आणि नवऱ्याचं पंक्चरचं दुकान असं सगळं छापलं. दुपारपर्यंत अंक तिच्या सासऱ्याच्या हातात होता. त्यानंतर ती चार महिने केंद्राकडे फिरकली नाही. मी तेव्हा पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत. निदान पुढच्या वेळी छापण्याआधी मजकूर त्या बाईला दाखवा. तिला वाचता येत नसेल तर केंद्राच्या फोनवर वाचून दाखवा, आम्ही स्पीकर लावून तिला शेजारी बसवू.

आपली,
महिला सल्ला केंद्राची एक कार्यकर्ती,
जि. बीड