नवनिर्वाचित स्थानिक पदाधिकाऱ्यांच्या शपथविधीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, निवडणुकीचा निकाल जाहीर होणे आणि पदाची सूत्रे हाती येणे या वेगळ्या बाबी असून, अनेक ठिकाणी शपथ घेऊन तिच्या नमुन्यावर सही केल्याखेरीज नव्या पदाधिकाऱ्यास सभेत मतदान करता येत नाही. शपथविधीचा दिवस सहसा कायद्याने ठरवलेल्या तारखेवर किंवा पहिल्या सभेवर अवलंबून असतो. त्यामुळे अभिनंदनाची घाई समजण्यासारखी असली, तरी मागण्यांची निवेदने तोपर्यंत राखून ठेवावीत. ईश्वराचे नाव न घेता केलेली प्रतिज्ञाही अनेक देशांत शपथेइतकीच वैध असते, तेव्हा त्यावरून वाद घालू नये. तातडीचे काम असल्यास मावळत्या पदाधिकाऱ्यांची मुदत संपली आहे काय, याची संबंधित कार्यालयात आधी चौकशी करावी.