गाडी गेली, नाव राहिलं

सोन्या,

काल फोनवर म्हणालास की गाडी विकलीस, रविवारी द्यायचं ठरलंय, पैसे आलेत, बाकीचं एजंट बघतो म्हणाला. मी तेव्हा गप्प बसले कारण तू ऑफिसात होतास आणि माझं एकदा सुरू झालं की थांबत नाही हे तुला माहितीये. म्हणून लिहितेय. सवडीने वाच, पण रविवारच्या आधी वाच.

माझ्या गाडीचं तुला मी अर्धवटच सांगितलंय. तुला वाटतं चलन आलं, आईने भरलं, विषय संपला.

जुन्या गाड्यांचा डीलर माझी विकलेली गाडी न्यायला आला तेव्हा त्याने मालकी बदलायचे फॉर्म पुढे केले, २९ आणि ३०, पेन्सिलने फुल्या मारून आणलेले, फुली असेल तिथे सही करा म्हणे. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. विचारलं मी, नाव कुणाचं येणार, तर मॅडम अजून पार्टी ठरली नाही, ठरली की टाकतो, सगळे असंच करतात. आणि मी, जी कुरियरवाल्याच्या कागदावरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही, सगळीकडे सह्या करून मोकळी झाले. गाडी गेली त्याचं जरा वाईट वाटत होतं, त्या नादात डोकं चाललं नाही असं म्हण हवं तर.

महिन्याभराने रात्री मोबाइलवर ई-चलनाचा मेसेज. ओव्हरस्पीड. लिंक उघडली तर फोटो, मागून काढलेला, अंधारात नंबरप्लेट पांढरीफटक झालेली, आणि काचेच्या कोपऱ्यात तू सहावीत असताना चिकटवलेला तो डायनोसॉरचा स्टिकर, शेपूट फाटलेला. नंबर वाचायची गरजच पडली नाही रे. डीलरला फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाला गाडी दिली पुढे, पार्टी ट्रान्सफर करून घेईल. मग अजून दोन चलनं आली.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की पैसे मिळाले, गाडी दिली, म्हणजे माझा संबंध संपला. कायद्यात तसं नाहीये. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो, बस. आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टाने एका अपघाताच्या केसमध्ये हेच धरलं, त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत विकत गेली होती पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव पहिल्याचंच राहिलं होतं, तर भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. हे वाचल्यावर मला दोन रात्री झोप नाही. चलनाचं काय, पैसे भरले की सुटलो, पण त्या गाडीखाली कोणी आलं असतं तर?

कायदा विकणाऱ्यालाही सांगतो बरं का की बाई तू पण कळव. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ द्यायचा आणि त्याची प्रत घेणाऱ्याला, परराज्यात जाणार असेल तर एनओसीसकट, म्हणजे ना हरकत दाखल्यासकट, ४५ दिवस. घेणाऱ्याला अर्जासाठी ३० दिवस असतात. मी काहीच कळवलं नव्हतं, माझं काम डीलर करेल या भरवशावर. म्हणजे चूक माझीही आहेच, सगळं त्याच्यावर ढकलत नाही.

मग आरटीओच्या फेऱ्या. तिथे अशी गंमत की चलन बाकी असेल तर ट्रान्सफर पुढे सरकत नाही. आता चलन केलं त्याने, आलं माझ्या नावावर, मी भरत नाही कारण गाडी मी चालवत नव्हते, तो भरत नाही कारण नाव माझं, आणि भरलं नाही तर माझं नाव निघत नाही! शेवटी मीच भरलं. मग कळलं आरसीवर अजून बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे. लोन फेडून किती वर्षं झाली, बँकेने तेव्हाच बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि एनओसी दिली होती, मी फाइलला लावून ठेवली, आरटीओत नेलीच नाही, आणि त्या एनओसीची मुदत कधीच संपलेली. परत बँक, परत अर्ज. नंतर सही जुळेना. बारा वर्षांत माझी सही बदलली म्हणे. बदलणारच ना, तेव्हा मी घाई न करता सही करायचे.

फास्टॅगचा किस्सा मात्र ऐक. तो टॅग काचेवर तसाच राहिला होता, टोल माझ्या खात्यातून जात होता, मला घरबसल्या कळायचं आज गाडी कुठल्या टोलवर आहे. भाचीने सांगितलं अगं मावशी बंद कर ना तो. बँकेला कळवून बंद केला. आणि काय सांगू, तीन महिने जो डीलर फोन उचलत नव्हता त्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन! मॅडम गाडी टोलला अडकलीये, टॅग चालेना. एका गाडीला एकच फास्टॅग, आता नवीन टॅग काढायला त्यांना कागद लागणार होते, तेव्हा कुठे त्या पार्टीला घाई सुटली. महिनोन्महिने ट्रान्सफरसाठी रडले ते काम फास्टॅगने केलं. हे आधीच सुचायला हवं होतं मला.

तर तुझं. कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही, एजंट कितीही गोड बोलला तरी. नाव, पत्ता, तारीख भरलेली दिसली की मगच, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढ. गाडी ताब्यात दिल्याची पावती घे, तारखेबरोबर वेळही लिही, कारण चलनावर वेळ असते. डीलरला देणार असशील तर तो आरटीओचं ऑथोरायझेशन असलेला आहे का विचार, १ एप्रिल २०२३ पासून तसा नियम आलाय, मग गाडी ताब्यात घेतल्याचं ऑनलाइन कळवता येतं आणि तिथून पुढे जबाबदारी त्याची धरतात. माझ्यावाल्याकडे ते नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. इन्शुरन्सवाल्यांना कळव, तुझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सवलत, गाडीबरोबर जात नाही, तो तुझा आहे, सर्टिफिकेट मागून घे, नवीन गाडीला लागेल. आरसीवर बोजा दिसतोय का ते आजच बघ, रविवारी नको.

आणि फास्टॅग गाडी द्यायच्या दिवशीच बंद कर.

माझं नाव निघायला एकूण साडेपाच महिने लागले. मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये होते, पुन्हा पुन्हा वाचला.

मागच्या काचेवर काही चिकटवलं असशील तर ते पण काढून टाक.

आई