ल्यूसर्नला तुम्हाला न्यायचंच आहे

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

काल इथलं, स्वित्झर्लंडमधलं, ल्यूसर्न गाव बघून आले. फोनवर घाईघाईत अर्धं राहून जातं, म्हणून निवांत लिहितेय.

बाबा, तुमची हयात पाटबंधाऱ्यात गेली, तेव्हा आधी तुमच्याकरता. सरोवरातून रॉइस नदी बाहेर पडते, तिथेच भर गावात १९व्या शतकातला एक बंधारा आहे. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात ना, तसंच, फक्त इथे लाकडी दांडे उभे आणि एकमेकांना खेटून लावलेले. सरोवराचं पाणी चढलं की माणसं हाताने काही दांडे काढतात, उतरलं की परत लावतात. एवढ्या श्रीमंत देशाने ते अजून जपलंय याचं मला फार कौतुक वाटलं. काढलेल्या जागेतून पाणी पांढरंशुभ्र फेसाळत धावतं. तुम्ही असता तर तिथेच विसर्गाचा हिशेब मांडला असता!

आई, तुझ्यासाठी चॅपल ब्रिज. १४व्या शतकातला, छप्पर असलेला लाकडी पूल, सुमारे २०० मीटर लांब. आढ्याखाली १७व्या शतकातली तिकोनी चित्रं होती. ऑगस्ट १९९३ मध्ये आग लागली आणि त्यातली बहुतेक जळाली. लोकांनी पुढच्या एप्रिलपर्यंत पूल उभा केला, पण चित्रं कुठून आणणार? उरलेली बघताना जीव हळहळतो.

पुढे कड्यात कोरलेला मरणासन्न सिंह आहे, १७९२ मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांचं स्मारक. कुशीत तुटका भाला रुतलेला, पंजा ढालीवर. त्याचा चेहरा पाहून मला भडभडून आलं.

गावाच्या जुन्या तटबंदीच्या बुरुजांचे जिने आईच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, ते सोडून देऊ. त्यातल्या एका बुरुजावरचं जुनं घड्याळ गावातल्या बाकीच्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले देतं, तो मान त्याचा. टोले खालूनही ऐकू येतात.

बाकी सगळं सपाट आणि जवळजवळ. झुरिचहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचतो, स्टेशनासमोरच बोटींचा धक्का. वाफेवरची चाकांची बोट घेऊ. वरून इंजिन चालताना दिसतं, बाबा तिथून हलायचे नाहीत.

मे-जूनमध्ये या. आई, डॉक्टरांना एवढ्या लांबच्या विमानप्रवासाचं आताच विचारून ठेव. बाबा, दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा आणि मला कळवा, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं मी पाठवते.

तुमची,
ताई