बिलांच्या टेबलावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात, नंबरही बदललात, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही. बेलापूरला तुमच्या टेबलापाशी उभं राहून ज्यांनी चहा प्यायलाय, ते ओळखतीलच.

२०१८ च्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे आले, ती सगळीकडून नकार घेऊनच. नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेमने वंध्यत्वावरचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत, असं एका ओळीत कळवलं होतं. (पुढे २०२० पासून तर विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांकच मिळाला, सतरावा.) ऑफिसातल्या एकाने "हा काय आजार आहे का मॅडम?" असं विचारून माझा अर्ज परत सरकवला होता. तोही आजूबाजूला चार माणसं बसलेली असताना.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. कपाटातून दोरीने बांधलेली एक फाइल काढलीत आणि आरोग्य मंत्रालयाचं नोव्हेंबर २०११ चं ओएम, म्हणजे कार्यालयीन परिपत्रक, माझ्यासमोर ठेवलंत. सीजीएचएसवाल्यांना, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्यांना, आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचा) खर्च मिळतो, सायकलमागे म्हणजे उपचाराच्या एका फेरीमागे जास्तीत जास्त ६५,००० रुपये, तीन सायकलपर्यंत, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं. परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी हा कागद निघाला, आणि तो आमच्या मजल्यावर सापडायला तुमचं कपाट लागलं!

मग तुम्ही माझं सर्व्हिस बुक मागवलंत. मला वाटलं, नेमणुकीची तारीख बघताय. तुम्ही जन्मतारीख बघत होतात. बाईचं वय २१ ते ३९, अशी अट होती आणि मला फेब्रुवारीत एकोणचाळीस पूर्ण होणार होती. "३९ पर्यंत म्हणजे लागेपर्यंत की संपेपर्यंत, यावर ऑडिटशी भांडत बसायला आपल्याकडे वेळ नाही. परवानगी फेब्रुवारीच्या आत," असं म्हणून तुम्ही कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने खूण केलीत. "आपल्याकडे" म्हणालात. तोवर या प्रकरणात मी एकटीच होते.

सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागप्रमुखांची शिफारस हवी होती. त्यासाठी कळव्याहून स्लो पकडून भायखळ्याला जे.जे.त तीन खेपा झाल्या. शिवाय आधीचे साधे उपचार फसल्याचा पुरावा हवा होता. आधी फसलेल्या आययूआयचे (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायच्या उपचाराचे) कागद मी रागाने साडीच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकले होते. ते रद्दीत गेले नव्हते, हे नशीब. फसलेल्या गोष्टींचे कागद कुणी जपून ठेवतं का? तुम्ही मात्र ते तारखेप्रमाणे लावून टॅग केलेत.

आणि ते अंडरटेकिंग. पती-पत्नी एकत्र राहतात, हयात अपत्य नाही, यापूर्वी असा खर्च घेतलेला नाही. हे मजकूर अर्जदाराने स्वतः लिहून द्यायचे असतात, हे मला माहीत होतं. तुम्ही ते आधीच टाइप करून ठेवलंत आणि कागद असा दुमडून पुढे केलात की मला फक्त सहीची जागा दिसावी. त्या दिवशी मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. तुम्हाला ते कळलं असणार. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर पोचपावती ठेवलेली होती, बाकी काही नाही.

पहिल्या सायकलला १ लाख ७२ हजार लागले. ६५,००० परत मिळाले. उरलेल्यासाठी सोनं गहाण ठेवलं, हेही खरंच. ६५,००० ची मर्यादा ज्यांनी ठरवली, त्यांनी नुसत्या इंजेक्शनांचं बिल एकदा बघायला हवं होतं. ती सायकल फसली. मग बिल टाकायचीच मला लाज वाटायला लागली, जणू मी सरकारचे पैसे वाया घालवले. तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघत एवढंच म्हणालात, "मॅडम, बिल उपचाराचं असतं, निकालाचं नसतं. मूळ पावत्या आणा."

दुसरीही फसली. तिसरी आम्ही केली नाही. तोवर तुम्ही रिटायर झाला होतात आणि पुढचं तुम्हाला कुणी सांगितलंही नसेल. आम्ही दोघं ठीक आहोत, काका.

सासर, माहेर, सोसायटी, सगळ्यांनी मला काही ना काही दिलं. कुणी अंगारा, कुणी सल्ला, कुणी "होईल गं". तुम्ही फॉर्म दिलात. त्या वर्षात मला बिचारी न समजता वागवणारी जागा म्हणजे तुमचं टेबल, आणि आभार मला त्याचे मानायचे आहेत. निरोप समारंभात सगळ्यांसमोर बोलायचं धाडस झालं नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी माझ्याकडे आली. बराच वेळ बदल्यांबद्दल बोलत बसली. उठताना दाराशी थांबली, तेव्हा मला कळलं. मी तुमची ती झेरॉक्स काढून दिली. नवीन परिपत्रकं बघून घे, आणि क्लिनिक एआरटी, म्हणजे अशा गर्भधारणा-उपचारांच्या, कायद्याखाली नोंदवलेलं आहे ना ते आधी विचार, असंही सांगितलं. झेरॉक्सच्या मागे तुमच्या अक्षरात अजून आहे: "मूळ पावत्या देण्याआधी दोन प्रती काढणे."

तिचं वय विचारलं. एकतीस. लाल पेन्सिल लागली नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची