टाइल लावायच्या आधी

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून सावकाश लिहिते. बेसिन दारामागून समोरच्या भिंतीवर न्यायचं ठरवलंत, फार बरं केलंत. बाबा, तिथे तोंड धुताना कुणी दार ढकललं की तुम्हाला ओल्या फरशीवर मागे सरावं लागायचं. ते बघून दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा.

फक्त वेस्ट पाइप तपासल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. आमच्याकडे बेसिन हलवलं तेव्हा हीच घाई झाली. आडवा पाइप लांबला आणि त्याला हवेची वाट ठेवलीच नाही. बेसिनखालच्या वाकड्या नळीच्या, म्हणजे ट्रॅपच्या, बाकात दोनेक इंच पाणी साचून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. आमचं बेसिन रिकामं होताना ते पाणीही ओढून न्यायचं, शेवटी गुडगुड आवाज यायचा आणि मग वास. मी महिनाभर फरशी घासत बसले. अखेर नव्या टाइल्स फोडाव्या लागल्या. आई, तुझा खोकला पाहता ती धूळ तुमच्या घरात मला नकोच.

तुमच्याकडे बेसिनपासून व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या, उभ्या पाइपपर्यंत पाच फूट आहेत ना? फुटामागे पाव इंच ढाळ धरला तर पाच फुटांत सव्वा इंच होतो. पाइप दीड इंची घ्यायला सांगा. व्हेंटपर्यंतचा एकूण उतार पाइपच्या व्यासाहून जास्त झाला की पाइपच्या वरच्या भागातून हवा ट्रॅपपर्यंत पोहोचत नाही आणि ट्रॅप रिकामा होतो. म्हणून 'जास्त ढाळ दिला की पाणी लवकर जाईल' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. ढाळ कमी पडला तर साबणाचा चिकटा आणि केस पाइपात बसतात, तेही नको.

बाबा, तुमची दोन फुटी पाणसळ अजून कपाटात असेल. ती पाइपवर ठेवा आणि उताराकडच्या टोकाखाली बरोबर अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी सरकवा. बुडबुडा मध्यावर आला की ढाळ बरोबर. हे तुम्ही स्वतः बघा. तुमचा हात आणि डोळा मला कुणाही कारागिरापेक्षा भरवशाचा वाटतो.

कोपऱ्यात एक काटकोनी एल्बो न टाकता पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड टाकू दे. आणि चर मारताना बीम किंवा कॉलमला छिन्नी लागता कामा नये; तसं करावं लागणार असेल तर काम थांबवून मला फोन करा, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल.

जोड वाळल्यावर पाइपचं खालचं टोक बुचाने बंद करून वरपर्यंत पाणी भरा, पेन्सिलने खूण करा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पाणी खुणेवर असेल तर जोड पक्के. मग बुच काढायचं. बेसिन तात्पुरतं बसवून काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. आई, तुझे कान तिखट आहेत, तू जवळ उभी राहा. गुडगुड ऐकू आली तर भिंत बंद करू देऊ नकोस.

भिंत उघडी असतानाच पाइपशेजारी टेप धरून फोटो काढा, म्हणजे पुढे आरसा लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही. फोटो मलाही पाठवा. बेसिनची उंची मात्र अजून ठरवू नका. बाबांना न वाकता तोंड धुता आलं पाहिजे. शनिवारी मी येतेच आहे, तेव्हा त्यांना भिंतीजवळ उभं करून आपण खूण करू.

तुमची लेक