मध्यस्थी म्हणजे वशिला नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळ किंवा गुड फ्रायडे जवळ आला की ख्रिस्ती श्रद्धेवर चार ओळी छापून येतात आणि त्यांत दोन वाक्ये बरेचदा भेटतात. एक, 'रविवारी माफी मागायची, सोमवारपासून पुन्हा मोकळे.' दुसरे, 'येशू देवाकडे भक्तांचा वशिला लावतो.' पहिले चेष्टेत लिहिलेले असते, दुसरे बहुधा आपुलकीने. घोळ मात्र दुसऱ्यानेच जास्त होतो. आमच्या चर्चमधल्या प्रवचनांतूनही तो होतो, म्हणून हे पत्र.

वशिला लागतो कधी? साहेब ऐकत नाही तेव्हा. कचेरीत फाईल अडली की साहेबांच्या ओळखीचा कोणी गाठायचा, त्याने शब्द टाकायचा, मग साहेब विरघळतात. ख्रिस्ताची मध्यस्थी या साच्यात घातली की पिता कठोर आणि पुत्र दयाळू अशी वाटणी होऊन बसते. बायबलाच्या नव्या करारात ती नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायात (ओवी २६-२७) येशू शिष्यांना स्वच्छ सांगतो की मी तुमच्यासाठी पित्याला विनंती करीन असे म्हणत नाही, कारण पिता स्वतःच तुमच्यावर प्रीती करतो. रोमकरांस ५:८ मध्ये (अध्याय ५, ओवी ८) प्रेषित पौल म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला आणि त्यातून देवाने आपली प्रीती दाखवली. कैवारी धाडणारा साहेबच आहे. त्याचे मन वळवायचे राहतेच कुठे?

'कैवारी' हा शब्द मराठी बायबलातलाच, १ योहान २:१ मधला. १ तीमथ्य २:५ मध्ये 'मध्यस्थ' येतो, तर रोमकरांस ८:३४ आणि इब्री ७:२५ मध्ये ख्रिस्त आपल्यासाठी विनंती, मध्यस्थी करतो असे आहे. या दोन ठिकाणचे मूळ ग्रीक क्रियापद अधिकाऱ्यापुढे अर्ज गुजरण्यासाठीही वापरत. गंमत म्हणजे रोमकरांस ११:२ मध्ये एलिया संदेष्टा इस्राएलाविरुद्ध देवाकडे गाऱ्हाणे करतो, तिथेही तेच क्रियापद आहे. एकाच शब्दाने तक्रारही होते आणि कैवारही घेतला जातो.

मध्यस्थी दिसते कशी, हे पाहायचे तर जुन्या करारातल्या निर्गमचा २८वा अध्याय काढावा. महायाजकाच्या, म्हणजे इस्राएलाच्या मुख्य याजकाच्या, पोशाखाचे माप तिथे शिंप्याला द्यावे तसे दिले आहे. दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न, प्रत्येकावर इस्राएलाच्या बारा वंशांपैकी सहा-सहांची नावे कोरलेली. छातीवर दुहेरी कापडाचा चौकोनी ऊरपट, वीतभर लांब, वीतभर रुंद. त्यात तीन-तीनच्या चार ओळींत बारा रत्ने, एकेकावर एकेक नाव. पवित्रस्थानात जाताना लोकांची नावे अशी खांद्यावर आणि काळजावर घेऊन जायची. प्रायश्चित्ताच्या दिवशी मात्र तो तागाच्या साध्या वस्त्रांत परमपवित्रस्थानी, म्हणजे सर्वांत आतल्या दालनात, जाई (लेवीय १६:४). प्रवचनांत ही दोन चित्रे सर्रास एकमेकांत मिसळतात.

आणखी एक बारकावा. निवासमंडपात, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूत, दीपवृक्ष होता, समर्पित भाकरींचे मेज होते, धूपवेदी होती, पण याजकाला बसायला आसन नव्हते. इब्री १०:११-१२ नेमके यावरच बोट ठेवते: याजक रोज उभा राहून तीच अर्पणे पुन्हा पुन्हा करतो, ख्रिस्त मात्र एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. काम पुरे झाले की माणूस बसतो. म्हणून त्याची आजची मध्यस्थी म्हणजे रोजची घासाघीस नव्हे. तो तिथे आहे हीच मध्यस्थी. गुडघे टेकून याचना करणारा ख्रिस्त डोळ्यांपुढे आणू नका, असे प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने सोळाव्या शतकातच बजावले होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात भक्तमंडळ उभे केले आणि त्याला 'देवाचा दरबार' म्हटले. छत्रपतींची गादी पाहिलेल्या गावाला दरबार सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की या दरबारात नजराणा घेऊन कोणी जात नाही.

आता पहिले वाक्य. 'कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय?' हा टोमणा पौलानेच रोमकरांस ६:१ मध्ये मांडून खोडून काढला आहे. जकातदार जक्कयाकडे (लूक १९) येशू आधी पाहुणा म्हणून उतरतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याची चौपट परतफेड, हे जक्कय मागाहून बोलतो. क्रम उलटा केला की कृपेची मजुरी होते, आणि परतफेडच गाळली तर ती फुकटची सवलत होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यावर शतकानुशतके भांडले. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी ऑग्सबुर्ग (जर्मनी) येथे याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. संतांना प्रार्थनेची विनंती करावी की नाही, हा मतभेद अजून आहेच.

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा विषय पुस्तकी राहत नाही. 'तुमचा विश्वास कमी पडला म्हणून गुण आला नाही' किंवा 'गोळ्या घेता म्हणजे देवावर भरवसा नाही' असे रुग्णाला सांगणारे भेटतात. इन्सुलिन बंद केलेल्या मधुमेह्याची साखर विश्वासाचे माप पाहून उतरत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, उत्तर मिळाले, 'माझी कृपा तुला पुरे आहे' (२ करिंथ १२:९). त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, विश्वास वाढव म्हणून सोडून दिले नाही. आणि प्रार्थनेचा दर सांगणाऱ्यापुढे प्रेषितांची कृत्ये ८:२० वाचावे. देवाचे दान पैशाने मिळवू पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने तिथे झाडले आहे.

उपासनेतली मध्यस्थीची प्रार्थना चालवणाऱ्यांसाठी थोडे. ती पाच मिनिटांपलीकडे गेली की हटकून दुसरे प्रवचन होते. एक गरज एका वाक्यात सांगावी, दहा-पंधरा सेकंद शांत राहावे, मग मंडळीने 'प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणावे. राज्यकर्ते आणि अधिकारी (१ तीमथ्य २:२) घाईत गाळू नयेत, आवडीचे असोत वा नसोत. रुग्णाचे नाव त्याला विचारूनच घ्यावे. आजार, वॉर्ड आणि खाट क्रमांक देवाला ठाऊक आहेत, मंडळीला कळण्याचे कारण नाही. 'येशूच्या नावाने' हे शेवटचे शब्द अर्जावर शिक्का मारावा तसे घाईत उरकू नयेत. आपण कोणाच्या आधाराने आत आलो, ते तिथे सांगायचे असते.

आपले,
बायबल अभ्यासवर्ग घेणारे काही शिक्षक,
मिरज, जि. सांगली