मेळ लागत होता

प्रिय मित्रा,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "काय झालंय?" आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. बोलताना मी स्वतःची बाजू सावरून घेतो, म्हणून लिहितोय.

माझ्या शेजारच्या काउंटरवरचा सहकारी तुला आठवत असेल. कधीही रजा न घेणारा. आम्ही सगळे त्याचं कौतुक करायचो, साहेब तर नव्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे. गेल्या महिन्यात तो पाय मोडून घरी बसला, आणि चौथ्या दिवशी एक बाई पावती घेऊन आल्या. पैसे भरूनही त्यांना थकबाकीचं पत्र गेलं होतं. पावती खरी होती, सही त्याची होती, पण कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चात, नोंदच नव्हती. मी मागचे महिने काढून बसलो, तर त्यांच्या आधीच्या भरण्यांची नोंद दर वेळी आठ-दहा दिवस उशिरा झालेली. मग दुसऱ्या ग्राहकाचं खातं पाहिलं, मग तिसऱ्याचं. सगळीकडे तेच.

याची टोपी त्याच्या डोक्यावर, दुसरं काही नाही. एकाचे पैसे खिशात घालायचे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने भरलेले पहिल्याच्या नावावर जमा दाखवायचे, दुसऱ्याचं खातं तिसऱ्याच्या पैशांनी भरायचं. हे चक्र फिरवायला माणूस रोज जागेवर लागतो. रजा कशी घेणार तो!

आता माझं ऐक. नोंद त्याने करायची, तपासून मंजुरी मी द्यायची, असा नियम होता. संध्याकाळी मी नोटा मोजायचो, कीर्दीशी ताळा करायचो, आणि मेळ लागायचा. लागणारच. जे पैसे त्याने लिहिलेच नाहीत ते गल्ल्यातही नव्हते. पावतीपुस्तकात आमच्याकडे राहणाऱ्या स्थळप्रती एकेक करून नोंदींशी लावल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं. ते कामही माझंच होतं. सुरुवातीला करायचोही. मग कंटाळा आला, आणि कंटाळ्याला मी 'विश्वास' असं नाव दिलं. घाईच्या दिवशी त्याला माझा पासवर्डही सांगून मोकळा झालो. म्हणजे काही मंजुऱ्या माझ्या नावाच्या आणि त्याच्या हाताच्या आहेत. कोणत्या, ते आज मलाही सांगता येत नाही.

गंमत बघ, मी स्वतःला हिशेबात पक्का समजायचो. फरकाला ९ ने भाग गेला की कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत, हे मी चटकन ओळखायचो. प्रामाणिक चुका शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

बेअरिंग्ज बँकेची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. १७६२ सालची ब्रिटिश बँक, १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरमध्ये तिचा कर्मचारी निक लीसन बाजारातले सौदेही करायचा आणि त्यांच्या नोंदींचं कामही त्याच्याच ताब्यात. तोटा एका खात्यात दडवत गेला आणि आकडा ८२ कोटी पौंडांच्या वर गेला. तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "इतकी मोठी माणसं, आणि कुणी बघितलंसुद्धा नाही?" ते हसू हल्ली रात्री आठवतं.

त्या बाई परवा पुन्हा आल्या. रागावल्या नाहीत. पावतीची झेरॉक्स माझ्याकडून सही करून घेतली, आणि सहीखालची तारीख दोनदा वाचून पाहिली. पूर्वी त्या पावती न बघताच पिशवीत टाकायच्या.

त्याच्यावर काय व्हायची ती कारवाई होईल. मला सोमवारी लेखी जबाब द्यायचा आहे. "तुझा यात काय दोष?" असं कृपा करून लिहू नकोस, ते सांगणारे इथे पुष्कळ आहेत. जबाबात आधी "विश्वासाने सही केली" असं लिहिलं होतं. ते खोडून "न तपासता सही केली" असं केलंय. मसुदा सोबत जोडलाय. आणखी कुठे मी स्वतःला सांभाळून घेतलंय असं वाटलं तर पेन्सिलीने खूण कर आणि रविवारच्या आत परत पाठव.

तुझाच,
मित्र